हिंगे

भुंगेऱ्यांच्या मेलॉइडी कुळातील मऊ अंगाचे, फुलांवर पोसणारे कीटक. जगभरात या कुळाच्या सुमारे २,५०० ते ३,००० जाती आहेत. आपल्याकडे बाजरी, मूग, उडीद, चवळी, तूर फुलोऱ्यात आली की हे कणसांवर, फुलांवर झुंडीने बसतात. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जत हा कमी पावसाचा टापू. इथल्या खरिपाच्या बाजरीला हिंग्यांचा उपद्रव होतो. परागकण आणि कोवळी फुले फस्त झाल्याने कणसात दाणाच भरत नाही.

काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला मायलॅब्रिस पुस्टुलाटा हा यांतला सर्वांत ठळक. लांबी साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर, डोके खाली झुकलेले, मान बारीक. बहुतेक भुंगेऱ्यांचे वरचे पंख ढालीसारखे टणक असतात. हिंग्यांचे चामड्यासारखे मऊ. टणक कवच नसले तरी त्यांच्या रक्तात कँथरिडिन हे विष असते. डिवचले की पायांच्या सांध्यांतून हा पिवळसर द्रव पाझरतो आणि कातडीवर फोड उठतात. म्हणून अंगावर बसलेला हिंगा चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. मेल्यावरही विष टिकते. अमेरिकेत वाळलेल्या लसूणघासातून हे भुंगेरे पोटात जाऊन घोडे दगावले आहेत. कँथरिडिन नराच्या शरीरात तयार होते. मीलनाच्या वेळी तो ते मादीला देतो आणि तिच्याकडून ते अंड्यांना मिळते.

पिकाच्या नुकसानीपलीकडे हिंग्यांची चर्चा सहसा जात नाही. त्यांचे खरे नवल मात्र जमिनीखाली आहे. मादी मातीत अंडी घालते. त्यांतून निघणारी अळी लांब पायांची, चपळ असते आणि माती धुंडाळत नाकतोड्यांच्या अंड्यांचा पुंजका गाठते. तो सापडला की कात टाकून ती लठ्ठ, मंद होते आणि तिथेच अंडी खात वाढते. पुढे प्रतिकूल काळ ती निश्चल अवस्थेत काढते. एकाच अळीची इतकी निरनिराळी रूपे कीटकांत क्वचितच दिसतात. नाकतोडेही पिके खातात, तेव्हा बाजरीचा शत्रू ठरलेला हा भुंगेरा अळीपणी शेतकऱ्याच्याच कामी येतो. थोडे हिंगे दिसताच फवारणी करणे त्यामुळे योग्य वाटत नाही. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात; तेव्हा हातमोजे घालून किंवा जाळीने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात.