दशा कापू नका: हाताने विणलेल्या तुर्की गालिच्यांबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तुर्की गालिच्यांपैकी बऱ्याच गालिच्यांची तक्रार एकच असते: टोकाकडून उसवत चाललाय. गालिचा उलगडला की दशा, म्हणजे टोकाला लोंबणारी सुतं, कापलेल्या दिसतात. कोणी घरीच कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या असतात, कोणी शिंप्याकडे नेऊन वरून ओव्हरलॉक मारून आणलेलं असतं. कारणंही ठरलेली. दशा मळक्या दिसत होत्या, रोबो व्हॅक्यूमच्या ब्रशमध्ये गुंतत होत्या, घरातल्या वडीलधाऱ्यांचा पाय अडकेल अशी भीती होती. या अडचणी खऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर उपाय आहे. कात्री मात्र गालिच्याच्या मुळावरच येते. तुमचा गालिचा आमच्याकडून घेतलेला असो की सहलीत इस्तंबूलहून आणलेला असो, कापण्याआधी हे पत्रक वाचावं अशी विनंती.

दशा कुठून येतात

यंत्रावरच्या गालिच्याला दशांची तयार पट्टी नंतर शिवतात. ती कापली तरी गालिच्याचं काही बिघडत नाही, आणि गैरसमज इथूनच सुरू होतो. हाताने विणलेल्या गालिच्यात मागाच्या दोन तुळयांमध्ये आधी ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, ताणतात. विणणारी बाई (गावांमध्ये हे काम पिढ्यानपिढ्या बायकांच्याच हातात राहिलं आहे) सुरुवातीला दोन-चार बोटं रुंदीची सपाट पट्टी विणते. तिच्यात गाठी नसतात, फक्त ताणा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे. ही किलीम पट्टी. तिच्यावर गाठींची पहिली ओळ चढते. लोकरीचा धागा शेजारच्या दोन ताण्यांभोवती गुंडाळायचा, दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून पुढे ओढायची आणि सुरीने कापायची, की एक गाठ झाली. हीच तुर्की गाठ. गॉर्देस गावाच्या नावानेही ती ओळखली जाते. अशी पूर्ण ओळ झाली की बाण्याचे धागे टाकायचे आणि किर्किट नावाच्या जड फणीने ठोकून बसवायचे. मग पुढची ओळ. शेवटी पुन्हा किलीम पट्टी विणून गालिचा मागावरून उतरवतात, तेव्हा दोन्ही बाजूंना ताण्याची जी टोकं मोकळी राहतात, त्याच दशा.

म्हणजे तुमच्या हातात आलेली दशी गालिच्याच्या पोटातून थेट पलीकडच्या टोकापर्यंत गेलेली असते. सगळ्या गाठी तिच्याच अंगावर बसलेल्या असतात. गाठ जागेवर राहते ती ठोकलेल्या बाण्यामुळे. बाणा टोकाशी थांबतो तो किलीम पट्टीमुळे आणि दशांना मारलेल्या गाठींमुळे. हातमागाच्या उपरण्याच्या दशांना पीळ देऊन गाठ का मारतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

दशा मुळापासून कापल्या की पट्टीतला शेवटचा बाणा सरकून बाहेर येतो, मग त्याच्या आतला, मग त्याच्याही आतला. पट्टी असेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. काही महिने छान जातात आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं कापल्या. पट्टी संपल्यावर गाठींची पाळी येते. झाडताना केरात रंगीत लोकरीचे बारीक तुकडे दिसू लागले, की गालिच्याची नक्षी जायला सुरुवात झाली असं समजावं.

शिंप्याकडच्या ओव्हरलॉकने हे थांबत नाही, उलट वाढतं. मशीनची सुई ताण्याच्या आरपार जाते आणि ठिकठिकाणी तो तोडते. टाका घट्ट ओढला गेल्याने टोक आक्रसतं आणि कोपरे वर वळतात. आता त्या वळलेल्या कोपऱ्यातच पाय अडकतो.

दुरुस्तीला वेळ का लागतो

"नुसती कड तर शिवायची आहे, इतके दिवस कशाला?" हा प्रश्न आम्हाला रोजचा आहे. कापलेल्या टोकाचं काम असं चालतं. आधी ओव्हरलॉकचा एकेक टाका उसवायचा, तोही आणखी ताणा न तुटू देता. मग दोनांतला एक मार्ग. पहिला स्वस्त: गाठींच्या काही ओळी मुद्दाम काढून ताणा मोकळा करायचा आणि त्याच्यावर नवं टोक हाताने बांधायचं. गालिचा तेवढा आखूड होतो, पण टिकतो. दुसरा महाग: प्रत्येक तुटलेल्या ताण्याच्या जागी नवा धागा सुईने गालिच्यात आतपर्यंत ओवायचा, त्याच्यावर किलीम पट्टी विणायची आणि गेलेल्या गाठी जुन्या लोकरीशी रंग जुळवून पुन्हा मारायच्या. चार फूट रुंदीच्या गावठी गालिच्यातही असे शेकडो ताणे असतात. आमचा रफूगार दिवसभर बसला तरी काही इंचच पुढे सरकतो. याउलट दशा शाबूत असताना टोक हाताने बांधून घेतलं, तर ते एका दुपारचं काम आहे आणि त्याचा खर्च महाग दुरुस्तीच्या जवळपासही जात नाही.

तयार झालरीची पट्टी शिवून द्या असा आग्रह काही जण धरतात. आम्ही ती शिवत नाही. खालचं उसवणं चालूच राहतं, फक्त ते झाकलं जातं.

दशा आपोआप झिजून बोटभर उरल्या असतील तर घाबरू नका. वापराने तसं होतंच. किलीम पट्टीचा बाणा सुटायला लागला आहे का, एवढं पाहा. रोबो व्हॅक्यूम असेल तर त्याला त्या खोलीत मज्जाव करा, किंवा तो फिरत असेपर्यंत दशा गालिच्याखाली दुमडून ठेवा. पाय अडकण्याची भीती असेल तर दशा कायमच्या मागे वळवून सुती पट्टीखाली हाताने टाचून देतो. हवं तेव्हा टाके काढले की त्या पुन्हा मोकळ्या.

मळकेपणावर ब्लीच हा उपाय नाही. दुधी रंगाच्या दशा लोकरीच्या असतात किंवा सुती. क्लोरीनचं ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवतं आणि सूत कमजोर करतं. पांढऱ्याशुभ्र झालेल्या दशा मग हातात तुटून येतात. आम्ही दशा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुतो. त्या थोड्या पिवळसर राहतात, आणि तशाच राहू द्याव्यात.

आपला गालिचा हाताचा आहे का?

तुर्कस्तानातून आला म्हणजे हातानेच विणलेला, असं नाही. गाझियानतेप हे शहर यंत्रावरच्या गालिच्यांचं जगातलं एक मोठं केंद्र आहे आणि ऑनलाइन 'तुर्की कार्पेट' म्हणून काही हजारांत मिळणारा माल बहुतेक त्याच जातीचा, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचा असतो. तो वाईट नसतो, पण त्याला हाताच्या विणीची किंमत देऊ नका. पाठीला डिंकाने चिकटवलेलं कापड असेल तर तो टफ्टेड, म्हणजे हातातल्या मशीनने लोकर टोचलेला. ओळखायची सोपी खूण टोकाशीच आहे. गालिचा उलटा करा आणि एक दशी निरखत आत जा. ती विणीतूनच निघालेली दिसली तर हाताचा, शिवणीखालून निघालेली दिसली तर यंत्राचा. पुढून लव फाकवली की हाताच्या विणीत बुडाशी गाठींच्या ओळी दिसतात.

रेशमाबद्दलही एक सांगायला हवं. कायसेरी भागात मर्सराइज्ड, म्हणजे रसायनाने चकचकीत केलेल्या, सुताचे सुंदर गालिचे विणतात आणि पर्यटकांना ते कधीकधी रेशीम म्हणून विकले जातात. बिल घेऊन या, आम्ही धागा पाहून सांगतो. याचे पैसे घेत नाही.

ही विण कुठली, किती जुनी

1905 साली कोन्या शहरातल्या अलाएद्दीन मशिदीत सेल्जुक या मध्ययुगीन तुर्की घराण्याच्या काळातले गालिचे सापडले, त्यानंतर साधारण पाव शतकाने बेयशेहिर गावच्या मशिदीतही. त्यांचा काळ साधारण तेराव्या-चौदाव्या शतकाचा धरतात. इस्तंबूलला जाणार असाल तर निळ्या मशिदीजवळच्या तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात कोन्याचे गालिचे पाहिल्याशिवाय परत येऊ नका. मोठमोठ्या कोनाकृती किनारी आणि आत ओळीने मांडलेली भूमितीय नक्षी, दोन-तीन छटांतला निळा आणि लाल. सात शतकांनंतरही त्या रंगांसमोर माणूस थबकतो.

आपला दुवाही तेवढाच जुना. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता अनातोलियातून, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातून, फिरला, तेव्हा तिथल्या अक्सराय शहराच्या लोकरी गालिच्यांना कुठेच तोड नाही आणि ते सीरिया, इजिप्त, इराक, हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जातात असं त्याने नोंदवलं. युरोपात हे गालिचे इतके मोलाचे की ते जमिनीवर कमी आणि टेबलावर जास्त असत. हान्स होल्बाइनच्या 1533 सालच्या 'द ॲम्बेसेडर्स' या चित्रात दोन श्रीमंत माणसांच्या मधल्या मांडणीवर तुर्की गालिचाच अंथरलेला आहे. अशा नक्षीच्या गालिच्यांना आज जाणकार 'होल्बाइन गालिचे' म्हणतात. रुमानियातल्या ब्राशोव्ह शहरातल्या 'ब्लॅक चर्च'मध्ये शंभराहून अधिक अनातोलियन गालिचे जपलेले आहेत. व्यापाऱ्यांनी ते चर्चला भेट दिलेले.

ग्राहक हेरेकेबद्दल फार विचारतात. मारमारा समुद्रकाठच्या त्या गावात 1843 साली सुलतानाचा विणकाम-कारखाना निघाला आणि 1891 पासून तिथे राजवाड्यांसाठी गालिचे विणले जाऊ लागले. चांगल्या रेशमी हेरेकेत चौरस सेंटिमीटरला शंभर गाठी, म्हणजे चौरस मीटरला दहा लाख. गावठी लोकरी गालिच्यात हाच आकडा लाखाच्या आसपास असतो. म्हणून गावठी गालिचा कमी दर्जाचा, हे आम्हाला मान्य नाही. बेर्गामा, मिलास, कोन्याकडच्या गालिच्यांत नकाशा समोर न ठेवता, आईकडून शिकलेली नक्षी हाताने उतरते: कमरेवर हात ठेवलेली बाई, मेंढ्याची शिंगं, दृष्ट लागू नये म्हणून डोळा. रोज बैठकीत अंथरायला आम्ही गावठी लोकरच सुचवतो. लोकर पायाखाली दबून पुन्हा उभी राहते. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढतात, तुर्की घरांतही बूट बाहेरच, त्यामुळे हे गालिचे आपल्या घरांत चांगले नांदतात.

बेर्गामाच्या बाजूच्या काही गालिच्यांची किलीम पट्टी वीतभर रुंद असते. लाल-निळे पट्टे, मध्येच एखादं छोटं चिन्ह, पुढे वेणी घातलेल्या दशा. हे सगळं 'जास्तीचं कापड' म्हणून कापून टाकलेलं आम्हाला पाहावं लागतं, आणि त्याने फार वाईट वाटतं. गालिचा कोणत्या गावचा, कोणत्या टोळीचा, हे सांगणाऱ्या खुणा नेमक्या त्या पट्टीत असतात. जुना गालिचा विकताना किंमतही त्यावर ठरते.

रंग मध्येच बदललाय, हा दोष आहे का?

नाही. मैदानातला, म्हणजे किनारीच्या आतल्या मोठ्या भागातला, लाल एका ठिकाणी गडद आणि पुढे फिका झाला असेल, तर लोकरीचा रंगवलेला एक घाणा संपून दुसरा सुरू झाला एवढाच त्याचा अर्थ. जाणकार याला अब्राश म्हणतात आणि तो आवडीने घेतात. पारंपरिक लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतून येतो, निळा निळीतून, पिवळा रानातल्या झाडोऱ्यातून, आणि लाल-पिवळा पक्का बसावा म्हणून लोकर आधी तुरटीत भिजवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त रासायनिक रंग आले आणि ही विद्या जवळजवळ विसरली गेली. 1981 साली हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या अभ्यासावर 'दोबाग' प्रकल्प उभा राहिला आणि आयवाजिक व युंतदाग भागातल्या गावांतल्या बायका पुन्हा वनस्पतींच्या रंगात लोकर रंगवू लागल्या. शंका असेल तर ओला पांढरा रुमाल लाल भागावर अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर गालिचा घरी अजिबात धुऊ नका.

गणपतीच्या आधी धुऊन द्याल का?

क्षमस्व, नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आम्ही धुलाई घेत नाही. लोकरी गालिचा वरून सुकला तरी ताण्यात ओल राहते. दमट हवेत ती लवकर निघत नाही आणि आतून बुरशी धरते. गरम हवेच्या यंत्रात सुकवला तर आक्रसतो. धुलाईसाठी एप्रिल-मे उत्तम, नाहीतर दसऱ्यानंतर. दिवाळीआधी गर्दी असते, तेव्हा लवकर सांगून ठेवा. दुरुस्ती आणि दशा बांधण्याचं काम पावसाळ्यातही चालू असतं. खरं तर हातात वेळ असल्याने ते तेव्हाच लवकर होतं.

पावसाळ्यात गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. सुती चादरीत गुंडाळा. घडी नको, गुंडाळीच. दिवाणाखाली दबलेला भाग महिन्यातून एकदा ओढून झटका. कसर अंधारात, न हललेल्या लोकरीतच लागते.

आणताना

आधी व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा: पूर्ण गालिचा, पाठीमागचा एक कोपरा जवळून, आणि दोन्ही टोकं दशांसकट. नुसत्या पुढच्या फोटोवरून आम्ही खर्च सांगत नाही, कारण खराबी पुढून दिसत नाही. सुटलेली लोकर किंवा कापलेल्या दशा सापडल्या तर फेकू नका, पिशवीत घालून सोबत आणा. रंग जुळवायला त्यांच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. आमच्याकडून घेतलेल्या गालिच्याची टोकं वर्षातून एकदा विनामूल्य तपासून देतो. बिल नसलं तरी चालेल, आमच्या वहीत नोंद असते. बाहेरून घेतलेला गालिचाही तपासून देतो. त्याच वेळी कोन्या आणि मिलासचे नवे आलेले नग पाहायचे असतील तर सकाळी या, तेव्हा खिडकीतून उजेड चांगला येतो आणि लोकरीचा रंग खरा दिसतो.