‘जशी आहे तशी’ लिहून दिलं म्हणजे विकणारा सुटला?

जुनी बोट विकताना स्टॅम्पपेपरवर ‘जशी आहे तशी’ लिहिलं की घेणाऱ्याला कोर्टाची पायरी चढताच येत नाही, असं नागपुरात लोक सर्रास सांगतात. हे अर्धंच खरं आहे.

विकणारा त्या मालाचा व्यापारी नसेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार दर्जाची हमी सहसा गृहीत धरत नाहीत. घेणाऱ्याने पारखून घ्यायचं. इथवर शेरा विकणाऱ्याच्या बाजूने आहे.

पण खोटं बोलण्याला तो कवच देत नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर न्यायला बोट बघणाऱ्याने विचारलं, ‘भाऊ, तळाला भेग आहे का?’ पुट्टी भरून वर रंग मारलाय हे माहीत असून विकणारा ‘नाही’ म्हणाला, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती फसवणूक. व्यवहार रद्द करून मागता येतो.

नुसतं गप्प राहणं एरवी फसवणूक नाही. मात्र कायद्यातच घोड्याचं उदाहरण दिलंय: ‘तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट समजेन’ असं घेणारा म्हणाला आणि विकणारा गप्प बसला, तर ते बोलल्यासारखंच.

मालकीचा प्रश्न वेगळा. शेरा बोटीच्या स्थितीबद्दल असतो. बोट दुसऱ्याचीच निघाली तर मालविक्री कायद्याचं कलम १४ विकणाऱ्याच्या आड येतं: माल विकायचा हक्क विकणाऱ्याला आहे, असं त्यात गृहीत धरलंय. विकणाऱ्यांनो, माहीत असलेला प्रत्येक दोष कागदावर लिहा आणि त्याखाली घेणाऱ्याची सही घ्या.