कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली

औषध शरीरात नेमके काय करते हे सांगताना कुलूप-किल्लीचा दाखला हटकून दिला जातो. पेशीच्या आवरणावर ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, नावाची प्रथिने असतात. संप्रेरके किंवा चेतापेशींतून स्रवणारी रसायने त्यांना चिकटली की बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोहोचतो आणि पुष्कळशी औषधे नेमकी हीच जागा धरतात. (स्टेरॉइड संप्रेरकांचे ग्राही पेशीच्या आत असतात, पण तो विषय निराळा.) दाखला इथवर ठीक आहे. मात्र कुलपात बसलेली प्रत्येक किल्ली फिरतेच असे नाही.

ग्राही असावेत हा तर्क ते कोणी पाहण्याच्या कितीतरी आधीचा आहे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १९०५ मध्ये कोंबड्यांच्या स्नायूंवरील प्रयोगांतून तो मांडला. निकोटीन दिले की स्नायू आखडे, अगदी त्याची चेता तोडून ती निकामी झाल्यावरसुद्धा. क्युरारे हे बाणांना लावायचे वनस्पतिजन्य विष दिले की हे आखडणे थांबे, तरीही स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडेच. याचा अर्थ, दोन्ही विषे चेतेवरही काम करत नव्हती आणि स्नायूच्या आकुंचनाच्या यंत्रणेवरही नाही. या दोहोंमध्ये निरोप स्वीकारणारा तिसराच कोणीतरी पदार्थ असला पाहिजे.

या प्रयोगातले क्युरारे ही न फिरणारी किल्ली होय. ग्राहीला घट्ट धरणे हा एक गुण आणि धरल्यावर त्याला कामाला लावणे हा दुसरा. औषधात हे दोन्ही एकत्र असतीलच असे नाही. मॉर्फिनमध्ये ते आहेत, म्हणून वेदना शमते, पण मात्रा फार झाली तर श्वासही मंदावतो. त्यावर उतारा म्हणून दिले जाणारे नॅलोक्सोन त्याच ग्राहीला मॉर्फिनपेक्षा घट्ट धरते आणि काहीच करत नाही. शिरेतून दिल्यावर साधारण दोन मिनिटांत मॉर्फिनच्या अतिमात्रेने बेशुद्ध झालेल्या रुग्णाचा श्वास पूर्ववत होऊ लागतो, तो केवळ जागा अडवल्यामुळे! अर्थात ही पकड कायमची नसते. रेणू सतत चिकटत आणि सुटत असतात, आणि नॅलोक्सोनचा अंमल ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. मेथाडोनसारखे मॉर्फिनच्याच जातीचे, पण दीर्घकाळ टिकणारे औषध तोवर रक्तात असेल तर श्वास पुन्हा मंदावू शकतो, त्यामुळे शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही लगेच घरी सोडता येत नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मॉर्फिन आणि नॅलोक्सोन या दोघांच्या मधले: ग्राहीला फार घट्ट धरते, पण अर्धवटच चालवते.

शिवाय कुलूप स्वतः स्वस्थ बसत नाही, आणि इथे तो दाखला पुरता लंगडा पडतो. प्रोप्रानोलॉलसारखे औषध हृदयावरचे, अ‍ॅड्रेनलिनचा निरोप स्वीकारणारे बीटा ग्राही दीर्घकाळ अडवून ठेवते, तेव्हा पेशी त्या ग्राहींची संख्या वाढवते. गोळ्या एकाएकी थांबवल्या तर नेहमीचेच अ‍ॅड्रेनलिन या वाढीव ग्राहींवर येऊन आदळते, छाती धडधडते, आधीच हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर ही मात्रा हळूहळू उतरवत आणतात.