हिरव्या बाणामागची गोष्ट: आयर्लंडच्या सोप्या रानवाटा आल्या कुठून?

आयर्लंडमधल्या सरकारी जंगलात शिरताना गाडीतळाच्या कडेला नकाशाचा फलक असतो आणि त्याच्या आसपास कमरेएवढा एक लाकडी खांब. खांबावर रंगीत बाण. हिरवा म्हणजे सोपी वाट, निळा म्हणजे थोडी दमवणारी, लाल म्हणजे चांगल्या चढाची. हिरवा बाण धरून निघालं की तासा-दीड तासात एक फेरी मारून पुन्हा गाडीपाशी येता येतं. गुडघ्यांची कुरकुर असणारी आई, ढकलगाडीतलं बाळ, परवाच विमानातून उतरलेले पाहुणे, सगळ्यांना झेपेल अशी वाट. इथे येणाऱ्या माझ्या माणसांना मी समुद्राचे कडे दाखवण्याआधी अशाच एखाद्या वाटेवर नेते. हा देश त्यांना तिथे जास्त लवकर कळतो असं मला मनापासून वाटतं.

या वाटा बहुतेक जंगलातच का असतात, हा प्रश्न साधा आहे. उत्तराला मात्र बरंच मागे जावं लागतं.

आजचं कारण आधी सांगते. आयर्लंडची बरीचशी जमीन शेती आणि कुरणांची, खाजगी मालकीची, झुडपांच्या आणि दगडी बांधांच्या कुंपणात बंदिस्त. दुसऱ्याच्या रानातून पायी फिरण्याचा सर्वसाधारण हक्क इथे कायद्याने नाही. शेतातून जाणारी वाट मालकाच्या संमतीवर चालते. १९९५ च्या एका कायद्याने फिरायला आलेल्या माणसाबाबत जमीनमालकाची जबाबदारी कमी केली, आणि २००८ पासून वाटांची निगा राखणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार मोबदला देऊ लागलं. तरी कुणाला न विचारता चालत सुटावं अशी मोठी सलग जागा म्हणजे सरकारी जंगल. आणि हे जंगल सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं नाही.

त्याआधी काय होतं? हिमयुग सरल्यावर इथे झाडं परतली आणि बेटाचा बहुतांश भाग रानाने झाकला गेला. ओक, हेझल, एल्म, पाइन, बर्च. पहिल्या शेतकऱ्यांनी ते तोडायला घेतलं, हवा ओलसर होत गेली आणि मोठ्या प्रदेशावर दलदल पसरली. तरी झाडांचा मान टिकून होता. जुन्या आयरिश कायद्यात झाडांची प्रतवारीच होती. ओक, हेझल, हॉली, यू, अ‍ॅश, स्कॉट्स पाइन आणि रानसफरचंद ही सात झाडं ‘रानातली सरदार’, आणि ती तोडणाऱ्याचा दंड गायींत मोजला जाई. गावांच्या नावांत ते रान अजून उभं आहे. डेरी शहराचं नाव ओकच्या राईवरून पडलं, किलडेर म्हणजे ओकचं चर्च, मेयो म्हणजे यूच्या झाडांचं मैदान. नकाशावर ‘डेरी’ने सुरू होणारं गाव दिसलं की तिथे कधीकाळी ओक होते असं बहुतेक वेळा समजून चालावं. आज तिथे गायी चरत असतात.

डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या विक्लो परगण्याच्या डोंगरातल्या ओकचा तर एक चालताबोलता पुरावा डेन्मार्कमध्ये आहे. रोस्किल्डेच्या खाडीतून १९६२ मध्ये काही बुडालेली जहाजं वर काढली. त्यांतल्या सर्वांत लांब, सुमारे ३० मीटरच्या व्हायकिंग युद्धनौकेचं लाकूड तपासलं, तर वर्षवलयांवरून दिसलं की झाडं १०४२ च्या सुमारास तोडलेली आणि डब्लिन परिसरातली. त्या नौकेची हुबेहूब प्रतिकृती बांधली, तिला विक्लोतल्या ग्लेंडलॉक या दरीचं नाव दिलं आणि २००७ मध्ये ती वल्ही मारत, शीड फडकवत डब्लिनला आली. साडेनऊशे वर्षांनी लाकूड माहेरी आल्यासारखं.

मोठी तोड झाली ती सोळाव्या-सतराव्या शतकात. इंग्रजी सत्ता पक्की होत गेली, आयरिश घराण्यांच्या जमिनी जप्त करून नव्या मालकांना वाटल्या गेल्या. नव्या मालकाला रान म्हणजे रोकड होती. दारूच्या पिंपांच्या फळ्या, लोखंडाच्या भट्ट्यांना लोणारी कोळसा, कातडी कमावायला ओकची साल, जहाजांना तुळ्या. शिवाय बंडखोर रानात दडतात म्हणून रान साफ केलेलं बरं, हाही हिशेब होताच. आता लाकडाविना करायचं काय, जंगलं तर संपली, असं विचारणारं आयरिश भाषेतलं एक विलापगीत इथल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर बेटावर उरलेलं जंगल जमिनीच्या जेमतेम दीड टक्क्यापर्यंत आलं होतं. युरोपात इतका उघडा देश क्वचितच असेल.

मग झाडं परत लावली कुणी? इथे गोष्ट विक्लोमधल्या रॅथड्रम गावापाशी येते. गावापासून थोड्याच अंतरावर, एव्हनमोर नदीच्या काठी, एव्हनडेल नावाची इस्टेट आहे. तिथलं घर १७७७ मध्ये सॅम्युएल हेस याने बांधलं. हा वकील आणि आयरिश संसदेचा सभासद, पण जीव झाडांत. त्या काळी झाडं लावायची हवा सुरू झाली होती. १७३१ मध्ये स्थापन झालेली डब्लिन सोसायटी लागवडीला बक्षिसं देत होती, आणि १७६५ च्या कायद्याने कुळाने लावलेल्या झाडांवर कुळाचा हक्क मान्य केला होता. हेसने स्वतःच्या जमिनीवर झाडांची दाटी केली आणि १७९४ मध्ये लागवड व वनराईच्या निगराणीवर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी तो गेला. इस्टेट मित्राच्या, सर जॉन पार्नेलच्या घराण्याकडे गेली.

याच घरात २७ जून १८४६ रोजी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल जन्मला. मराठी वाचकाला हे नाव कदाचित ओळखीचं नसेल, त्याचे शब्द मात्र नक्की ओळखीचे आहेत. आयर्लंडच्या ‘होमरूल’ चळवळीचा हा सर्वांत मोठा नेता, आणि टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा ते नाव आयर्लंडचंच होतं. ‘बॉयकॉट’ हा शब्दही त्याच लढ्यातला. जो कुणी हुसकावलेल्या कुळाची जमीन घेईल त्याला गावाने वाळीत टाकावं असं पार्नेलने १८८० च्या सप्टेंबरात सांगितलं, आणि मेयोतल्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेटीच्या कारभाऱ्यावर पहिला मोठा प्रयोग झाला. जमीनदाराच्या घरात जन्मलेला माणूस कुळांच्या बाजूने उभा राहिला. तो क्रिकेट खेळायचा, विक्लोच्या संघाचा कप्तान होता, इस्टेटीवर त्याने लाकडाची गिरणी चालवली. १८९१ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या पश्चात इस्टेट विकली गेली.

पुढे जे घडलं त्यात मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट दिसते. ज्या लढ्यासाठी पार्नेल झिजला तो लढा कुळांनी जिंकला. १९०३ च्या कायद्याने जमीन मोठ्या प्रमाणावर कसणाऱ्यांच्या नावे होऊ लागली. पण जमीन हातची जाणार म्हटल्यावर अनेक जमीनदारांनी आधी झाडं तोडून विकली. नव्या मालकांनाही राईपेक्षा कुरण हवं होतं. दीडशे वर्षांत इस्टेटींच्या भिंतींआड वाढलेलं रान पुन्हा आडवं व्हायला लागलं. सरकारने १९०४ मध्ये एव्हनडेल विकत घेतलं ते या पार्श्वभूमीवर. तिथे वनशिक्षणाची शाळा निघाली. ए. सी. फोर्ब्स या वनतज्ज्ञाने कोणतं झाड इथे जगतं, किती वाढतं हे पाहण्यासाठी साधारण एकेक एकराचे तुकडे पाडून देशोदेशीची झाडं लावली. आयर्लंडच्या सरकारी वनखात्याचं मूळ हे असं एका पार्नेलच्या अंगणात आहे.

ते तुकडे अजून पाहता येतात. ‘ग्रेट राइड’ नावाची गवताची रुंद, सरळ पट्टी इस्टेटीतून जाते आणि दोन्ही बाजूंना ते प्रयोग उभे आहेत. इथे हळू चालावं. एका तुकड्यातून दुसऱ्यात पाय टाकला की पायाखालचा आवाज बदलतो. बीचखाली कोरड्या पानांची कुरकुर, चार पावलांवर स्प्रूसच्या सुयांची गादी, आणि आवाज एकदम बंद. रेडवूडच्या बुंध्याला हात लावला तर साल काथ्यासारखी मऊ, बोट आत रुततं. एप्रिलअखेर ओलसर बाजूला रानलसूण फुलतो. दिसण्याआधी त्याचा वास येतो, कुणी फोडणीला लसूण टाकावी तसा, आणि मग खाली पांढऱ्या फुलांचा सडा.

एव्हनडेलच्या प्रयोगांनी जे शिकवलं ते पुढे देशभर लागवडीत उतरलं. सरकारचा पहिला हेतू फिरायला जागा देणं हा नव्हताच, लाकूड हवं होतं. चांगली जमीन शेतीला, म्हणून झाडांच्या वाट्याला डोंगरउतार आणि दलदल आली. अशा ओल्या, निकस जमिनीवर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस जोमाने वाढला. आज आयर्लंडच्या जंगलात सर्वाधिक झाड तेच आहे, जवळपास निम्मं. दाट, सरळ रांगांचं, आत अंधार असलेलं हे रान कित्येकांना आवडत नाही, आणि पक्ष्यांविना सुन्या सिटकाच्या रानातून गेलं की ती नापसंती मलाही पटते. पण त्याने दिलेली एक गोष्ट नाकारता येत नाही. लाकडाचे ट्रक जावेत म्हणून वनखात्याने खडीचे रस्ते काढले, बेताच्या चढाचे, वळणं रुंद ठेवून. आज हिरवा बाण बऱ्याचदा त्याच रस्त्यावरून जातो. ढकलगाडी सहज चालते ती म्हणून. आणि जिथे वाट जुन्या इस्टेटीतून जाते तिथे ती जमीनदाराच्या बग्गीची असते. दोन्ही बाजूंना बीच किंवा लाइमची रांग दिसली की समजावं, आपण कुणाच्या तरी घराच्या फाटकाकडे चाललो आहोत. घर असतंच असं नाही.

लोकांसाठी दार उघडलं ते बरंच उशिरा. प्रजासत्ताकातलं पहिलं राष्ट्रीय वन-उद्यान कॉर्कमधल्या गोगन बारा इथे १९६६ मध्ये झालं. त्याच साली पायी भटकंतीवर लिहिणाऱ्या जे. बी. मलोन यांनी विक्लोच्या डोंगरातून लांब पायवाटेची कल्पना मांडली. ती ‘विक्लो वे’ १९८० मध्ये देशातली पहिली खुणांकित लांब वाट म्हणून सुरू झाली. पिवळ्या चालणाऱ्या माणसाची खूण तेव्हापासूनची ओळख. १९८९ मध्ये सरकारी जंगलं ‘क्विल्चा’ या सरकारी कंपनीकडे आली. आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थच ‘जंगलं’. देशाच्या सुमारे सात टक्के जमीन तिच्याकडे आहे.

ही वाट आपली आहे असं लोकांना किती वाटतं, ते २०१३ मध्ये दिसलं. आर्थिक संकटात सापडलेल्या सरकारने क्विल्चाच्या जंगलांतले लाकूडतोडीचे हक्क विकायचं मनात आणलं. फिरण्याची मुभा जाईल या धास्तीने माणसं उठली, मोठा विरोध झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने विचार सोडला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत घरापासून आधी दोन, मग पाच किलोमीटरची मर्यादा होती. त्या वर्तुळात एखादं छोटं रान सापडलेल्या माणसाला त्याची किंमत नव्याने कळली.

एव्हनडेलला आता २०२२ पासून झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी पूल आहे, सुमारे १.४ किलोमीटर लांब, शेवटी ३८ मीटर उंचीचा मनोरा. चढ इतका बेताचा की चाकांच्या खुर्चीवरून वर जाता येतं. ज्या आजींना जंगल फक्त खालून दिसलं होतं त्यांना ते वरून दिसतं, आणि एवढ्यासाठीच मला तो पूल आवडतो.

आसपास थांबण्यासारखं पुष्कळ आहे. दक्षिणेला काही किलोमीटरवर एव्हनमोर आणि एव्हनबेग या नद्यांचा संगम. टॉमस मूर या कवीच्या गीतामुळे एकोणिसाव्या शतकापासून लोक तो पाहायला येतात. पुढे अव्होका गावात १७२३ पासूनची कापडाची गिरणी. दक्षिण विक्लोत टॉमनाफिनोगचं ओकरान, शिलेलाच्या प्रसिद्ध ओकरानाचा उरलेला तुकडा. तोही १९८० च्या दशकात कुऱ्हाडीखाली जायचा, गावकरी आडवे आले म्हणून वाचला. उत्तरेला क्लाराच्या खोऱ्यात जुनं ओकरान नदीला धरून आहे.

आणि ग्लेंडलॉक. सहाव्या शतकात संत केव्हिन यांनी वसवलेला मठ, ३० मीटर उंच गोल मनोरा, दोन तळी. गर्दी बहुतेक मनोऱ्यापाशीच रेंगाळते. तिथून खालच्या तळ्याच्या दक्षिणेने ‘ग्रीन रोड’ नावाची सपाट वाट ओकच्या रानातून जाते. तास पुरतो. शिशाच्या खाणी इथे चालत तेव्हा खाण कंपनीने लावलेले पाइन वरच्या तळ्याकाठी आहेत. ओकच्या उतारांवर नीट पाहिलं तर मध्येच एखादी गोल, सपाट जागा कापलेली दिसते, खोलीएवढी, आता शेवाळाने भरलेली. लोणारी कोळशाच्या भट्ट्या तिथे लागत. बुंधा ठेवून ओक तोडायचा, फुटवे वाढू द्यायचे, वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तोडायचा. म्हणून इथल्या कित्येक ओकना एका मुळातून तीन-चार खोडं आहेत.

२४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात वारा ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला आणि देशभर जंगलं आडवी झाली, सिटकाची सर्वांत जास्त. कितीतरी वाटा महिनोन् महिने बंद राहिल्या. अ‍ॅशच्या झाडांना २०१२ पासून बुरशीने धरलं आहे. त्यामुळे निघण्याआधी वाट उघडी आहे ना ते पाहून घ्यावं, आणि बूट ओले झाले तरी चालतील असेच घालावेत. ग्रीन रोडवर पावसाने कड सुटते तिथे भट्टीची माती उघडी पडते. बाकी सगळी तांबूस, ती मात्र अजून काळी आहे.