कॅलिफोर्नियाच्या शाळांचा प्रमुख निवडताना मत कुठे अडकतं: पात्रता, कागदपत्रं आणि सही

२ जून २०२६ ला कॅलिफोर्नियात प्राथमिक निवडणूक आहे. गव्हर्नरच्या भल्यामोठ्या यादीनंतर त्याच मतपत्रिकेवर एक पद येतं, 'सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन', म्हणजे राज्यातल्या सरकारी शाळांचा प्रमुख. टोनी थर्मंड २०१८ आणि २०२२ मध्ये निवडून आले. दोन मुदतींनंतर पुन्हा उभं राहता येत नाही, त्यामुळे या वेळी जागा मोकळी आहे. ५८ लाखांच्या घरात मुलं ज्या शाळांमध्ये शिकतात, त्यांचं राज्याचं शिक्षण खातं हा माणूस चालवतो. शाळेच्या दर्जासाठी घर बदलणारे आपले लोक या रकान्यापाशी आले की तो कोरा सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला गैरसमज तारखेचा. "जूनमध्ये नुसती चाळणी असते, खरं मतदान नोव्हेंबरला" हे वाक्य मी दर निवडणुकीला ऐकते. गव्हर्नरपदासाठी ते बरोबर आहे, तिथे पहिले दोघं नोव्हेंबरला पुन्हा समोरासमोर येतातच. शाळाप्रमुखाचं पद मात्र पक्षविरहित आहे आणि त्याचा नियम वेगळा आहे. जूनमध्ये कुणा एकाला निम्म्याहून जास्त मतं पडली, तर तो तिथेच निवडून आला. २००६ मध्ये जॅक ओ'कॉनेल असेच जूनमध्येच निवडून आले होते. कुणालाच बहुमत मिळालं नाही, तरच पहिले दोघं ३ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येतात. जून चुकवणाऱ्याला हे पद नोव्हेंबरमध्ये दिसेलच, याची खात्री नाही.

पक्षविरहित असल्याने उमेदवाराच्या नावाखाली पक्ष नसतो, व्यवसायाचे दोन-तीन शब्द असतात. तुमची नोंदणी कुठल्याही पक्षात असो वा नसो, हा रकाना सगळ्यांना सारखाच मिळतो. बऱ्याच काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) काउंटीच्या शाळांचा सुपरिंटेंडंटही निवडून द्यायचा असतो. ती दोन पदं वेगळी आहेत, एकावर खूण केली म्हणजे दुसऱ्याचं काम झालं असं नाही.

मत कोणाला आहे? अमेरिकेचं नागरिकत्व, कॅलिफोर्नियात राहणं, मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण. गंभीर गुन्ह्याच्या (फेलनी) शिक्षेसाठी राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात असलेल्यांना आणि न्यायालयाने अपात्र ठरवलेल्यांना मत नाही, बाकी सगळ्यांना आहे.

कोणाला नाही, हे मात्र नीट वाचा. ग्रीन कार्डवाल्यांना नाही. तुम्ही इथे वीस वर्षं कर भरत असाल, मुलं इथल्याच शाळेत असतील, तरी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना शहराच्या शाळा मंडळासाठी मत देता येतं आणि त्यावरून "पालकांना चालतं" असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो. ती सोय त्या शहराच्या शाळा मंडळापुरती आहे, तिचा अर्ज आणि मतपत्रिकाही वेगळी असते. राज्याच्या शाळाप्रमुखासाठी ती लागू नाही. डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्यात, लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचे प्रश्न येतात. तिथे घाईत "मी नागरिक आहे" वर टिचकी मारली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जातला "तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का?" हा प्रश्न गळ्याशी येतो. चुकून दिलेल्या मतानेही नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. हात जोडून सांगते, शंका असेल तर नोंदणी करू नका, आधी वकिलाला विचारा.

सोळा-सतरा वर्षांची नागरिक मुलं आगाऊ नोंदणी करू शकतात, मत अठराव्या वर्षी.

कागदपत्रांबद्दल उलटाच घोळ होतो. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत शोधत लोक आठवडे घालवतात आणि मुदत निघून जाते. साध्या नोंदणीला ती लागतच नाही. लायसन्सचा नंबर, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख आणि सही एवढंच लागतं, बाकी तुम्ही शपथेवर सांगता. ऑनलाइन दहा मिनिटांत होतं. मुदत १८ मे. कागदी अर्ज पोस्टाने पाठवला आणि दिलेले आकडे सरकारी नोंदींशी जुळले नाहीत, तर पहिल्या मतदानाच्या वेळी ओळखीचा पुरावा मागतात. फोटो ओळखपत्र, विजेचं बिल किंवा बँकेचं पत्रक चालतं. आकडे जुळत नाहीत याचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा नावातच असतं. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नवऱ्याचं, तिसरीकडे माहेरचं आडनाव. नागरिकत्व मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी आणि डीएमव्ही या दोन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या.

१८ मे नंतर नागरिकत्वाचा शपथविधी झालेल्यांना प्रमाणपत्र लागतं. मतदान संपेपर्यंत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात जाऊन त्यांना नोंदणी आणि मतदान दोन्ही करता येतं, पण नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो. प्रमाणपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून रिकाम्या हाताने जाऊ नका. आधीपासून नागरिक असून नुसती तारीख चुकली असेल, तर मतदान केंद्रावर त्याच दिवशी सशर्त नोंदणी होते, पडताळणी झाल्यावर मत मोजलं जातं. "मुदत गेली, आता काय" म्हणून घरी बसणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

घर बदललंय? फ्रीमाँटहून माउंटन हाउसला गेलात म्हणजे काउंटी बदलली. नवा पत्ता कळवा, नाहीतर मतपत्रिका जुन्या घरी जाईल.

आता सही. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मतं इथे अडकली आहेत. राज्यातल्या प्रत्येक नोंदलेल्या मतदाराला मतपत्रिका घरी येते, मे महिन्याच्या सुरुवातीला ती पोस्टात पडते. खुणा करून ती परतीच्या लिफाफ्यात घालायची आणि लिफाफ्यावर सही करायची. ती सही काउंटीकडे असलेल्या सहीशी ताडून बघतात आणि ती जुनी सही बहुतेक वेळा डीएमव्हीच्या काचेवर बोटाने किंवा बोथट काडीने, मागे रांग उभी असताना ओढलेली असते. हुबेहूब जुळलीच पाहिजे असं नाही, पण तिथे इंग्रजीत गिरवलेली आद्याक्षरं आणि इथे बँकेतल्यासारखी पूर्ण मराठी सही असेल, तर तपासणाऱ्याने तरी काय करावं? लायसन्स समोर ठेवा आणि त्यावरच्यासारखी सही करा. नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर एकत्र बसून मतपत्रिका भरतात आणि एकमेकांच्या लिफाफ्यावर सह्या करतात, हे मी दोन घरांत पाहिलंय. छापलेलं नाव वाचा, मगच पेन टेकवा. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाची सही "तो ऑफिसात आहे म्हणून" कधीही करू नका.

सही जुळली नाही तर मत लगेच बाद होत नाही. काउंटी पत्र पाठवते, सोबत एक अर्ज असतो, तो दिलेल्या मुदतीत सही करून परत केला की मत मोजतात. पण हे पत्र जाहिरातींच्या ढिगात येतं आणि रद्दीत जातं. 'व्हेअर्स माय बॅलट' ही राज्याची मोफत सेवा मोबाईलवर लावून ठेवा, लिफाफा कुठपर्यंत पोचला, स्वीकारला की नाही, ते कळतं.

पोस्टाने पाठवणार असाल तर शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा आणि लिफाफा सात दिवसांत पोचायला हवा. पोस्टाच्या पेटीत टाकलं त्याच दिवशीचा शिक्का बसतोच असं नाही. शेवटच्या दिवसांत पोस्टावर विसंबू नका, काउंटीच्या अधिकृत पेटीत टाका, तिला तिकीटही लागत नाही.

मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शाळा सुटतात आणि अर्धं सनीवेल पुण्याच्या विमानात असतं. त्यांच्यासाठी सोपा मार्ग एकच, मतपत्रिका आली त्या आठवड्यात भरून टाका, मगच बॅगा भरा. आधीच निघणार असाल तर परदेशातल्या मतदारासाठीचा अर्ज वेळेत करा. तिथून भरलेली मतपत्रिका फॅक्सने पाठवता येते, ईमेलने चालत नाही.

शेवटी आई-बाबांबद्दल. मुलांमागे उतारवयात इथे येऊन नागरिक झालेल्यांची संख्या आपल्यात कमी नाही. राज्याची मतदार पुस्तिका हिंदीत मिळते, मराठीत नाही, म्हणून शेजारी बसून वाचून दाखवा. मतदान केंद्रावर मदतीला दोन माणसं नेता येतात, फक्त ती मालक किंवा कामगार संघटनेची प्रतिनिधी नसावीत. हात थरथरतो म्हणून सही दर वेळी वेगळी होत असेल, तर नवा नोंदणी अर्ज भरून आजची सही काउंटीकडे द्या. सही अजिबात जमत नसेल तर लिफाफ्यावर खूण चालते, तिच्याशेजारी एका साक्षीदाराची सही हवी. ती साक्ष मुलाने किंवा सुनेने दिली तरी चालते, वय १८ च्या वर असलं म्हणजे झालं.