बुरशीचा मेंदूज्वर: एआरटी उशिरा का सुरू करतात?

क्रिप्टोकोकस ही बुरशी वैद्यकाला १८९४ पासून माहीत आहे. जर्मनीत बुसे आणि बुश्के यांनी ती एका रुग्णाच्या हाडातल्या विकारातून शोधली. माती आणि कबुतरांची विष्ठा ही तिची घरं. श्वासावाटे ती फुप्फुसात शिरते, पण धडधाकट माणसात बहुधा डोकं वर काढत नाही. त्यामुळे तिच्यापासून होणारा मेंदूज्वर दुर्मिळच राहिला होता. १९८० च्या दशकात एड्स आला आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी शंभराच्या खाली गेलेल्या रुग्णांमध्ये तो वारंवार दिसू लागला.

औषधं होती. अँफोटेरिसिन बी १९५० च्या दशकातलं, मूत्रपिंडाला त्रासदायक. फ्लुकोनाझोल १९९० च्या सुमारास आलं. १९९६ नंतर एचआयव्हीवर एकत्रित औषधोपचार, म्हणजे एआरटी, मिळू लागले, तेव्हा आता प्रश्न सुटला असं वाटणं साहजिक होतं. पण एआरटी सुरू झाल्यावर काही रुग्णांची डोकेदुखी उलटली, दृष्टी अंधुक झाली. पाठीतून पाणी काढून तपासलं तर त्यात जिवंत बुरशी वाढत नव्हती. सावरलेली प्रतिकारशक्ती बुरशीच्या उरलेल्या अंशांवर तुटून पडत होती आणि कवटीच्या बंद जागेत सूज वाढत होती. डॉक्टर याला ‘आयरिस’ म्हणतात.

मग एआरटी कधी सुरू करायची? २००९ च्या एका चाचणीत बहुतेक संधिसाधू (दुबळ्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणाऱ्या) आजारांत लवकर सुरुवात फायद्याची ठरली होती. त्यात क्रिप्टोकोकसचे रुग्ण मात्र थोडेच होते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कोट’ चाचणीने २०१४ मध्ये चित्र पालटलं. बुरशीवरचे उपचार सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत एआरटी दिलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, सुमारे पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. ज्यांच्या मणक्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच, त्यांना घाई सर्वांत महागात पडली. यातला प्रत्येक मृत्यू आयरिसच्या खात्यावर मात्र टाकता येत नाही; दोन्ही गटांत आयरिसच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही.

सूज आहे तर सर्वांना सुरुवातीपासून स्टेरॉइड द्यावं, हा विचारही करून पाहिला गेला. डेक्सामेथासोनची ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण बुरशी हटण्याचा वेग मंदावला आणि अपाय वाढले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेल्या) अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन हे आणखी एक बुरशीविरोधी औषध आणि फ्लुकोनाझोल सुचवते. सुरुवातीचे उपचार असे सुटसुटीत झाले, तरी एआरटीआधी चार ते सहा आठवडे थांबण्याचा सल्ला कायम आहे.