रोशिया मोंताना : सोन्याचे गाव आणि एका दाखल्याचा वाद

८ मार्च २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय गुंतवणूक लवादाने एका कॅनेडियन खाण कंपनीचा रोमेनियाविरुद्धचा चार अब्ज डॉलरहून मोठा भरपाईचा दावा बहुमताने फेटाळला. वर खर्चापोटी कंपनीनेच रोमेनियाला सुमारे एक कोटी डॉलर द्यावेत, असेही सांगितले. निकालाआधी काही आठवडे बुखारेस्टमध्ये ‘आता तिजोरी रिकामी होणार’ असाच सूर होता, त्यामुळे निकाल लागल्यावर आनंदापेक्षा अचंबाच जास्त झाला. ज्या खाणीसाठी हा दावा होता ती कधी सुरूच झाली नव्हती. ती का सुरू झाली नाही, हे समजून घ्यायचे तर रोशिया मोंताना या गावाचे मागचे सगळे लागते, आणि त्यातही एक सरकारी दाखला.

गाव ट्रान्सिल्व्हेनियातल्या आपुसेनी डोंगरात, आल्बा जिल्ह्यात आहे. ब्राद, झ्लातना आणि आसपासच्या खाणगावांसह हा पट्टा ‘सुवर्ण चौकोन’ म्हणून ओळखला जातो. इ.स. १०६ मध्ये दाचिया (आजच्या रोमेनियाच्या भागातले तेव्हाचे राज्य) जिंकल्यावर रोमनांनी इथे आल्बुर्नुस मायोर वसवले आणि खाणकामात मुरलेली माणसे एड्रियाटिक समुद्राकाठच्या इलिरियातून आणली. पुढच्या १६६ वर्षांत इथून सुमारे ५०० टन सोने निघाले, असा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या नोंदीतला अंदाज आहे. बोगदे हातोडा-छिन्नीने कोरलेले, बरेचसे खाली रुंद आणि वर निमुळते. खोलवर साचणारे पाणी उपसायला लाकडी रहाट बसवलेले. हे सगळे अजून डोंगराच्या पोटात आहे, आणि पुढचा वाद त्यावरूनच पेटला.

गावच्या नामवंतांची यादी करायची तर सुरुवात राजेरजवाड्यांपासून होत नाही. १७८६ ते १८५५ या काळात खाणींत रोमन काळातल्या, मेण लावून त्यावर लिहिलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. त्यांतल्या वाचता येण्याजोग्या दोन डझनांच्या आसपास उरल्या आहेत. सर्वांत जुनी तारीख ६ फेब्रुवारी इ.स. १३१. २० मे १६४ च्या एका पाटीत एक मजूर १३ नोव्हेंबरपर्यंत सोन्याच्या खाणीत राबायला तयार होतो, मजुरी ७० दिनार. त्याला लिहिता येत नसल्यामुळे करार दुसऱ्याने लिहिला आहे आणि तसे पाटीवर नमूदही केले आहे. मालकाच्या मर्जीविरुद्ध काम सोडले तर दिवसाला पाच सेस्टर्स (दिनाराहून लहान रोमन नाणे) दंड. खाणीत पाणी शिरून काम बंद पडले तर तेवढ्या दिवसांचा हिशेब वजा. दुसऱ्या एका पाटीत साधारण सहा वर्षांच्या मुलीची २०५ दिनारांना विक्री आहे. तिसरी ९ फेब्रुवारी १६७ ची, एका अंत्यविधी मंडळाची जाहीर नोटीस : सभासद ५४ होते, गावात उरले १७, वर्गणी कोणी भरत नाही, तेव्हा मेल्यावर मंडळ आपले क्रियाकर्म करील या भरवशावर कोणी राहू नये. रोमन कायदा शिकणाऱ्यांना आजही या पाट्या वाचाव्या लागतात, कारण सामान्य माणसांचे मूळ करारनामे इतक्या तपशिलात फार कमी ठिकाणी उरले आहेत.

मधल्या हजारभर वर्षांबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. गावाचे चित्र पुन्हा स्पष्ट होते ते अठराव्या शतकात, हाब्सबुर्ग राजवटीत. दगड फोडणाऱ्या लाकडी यंत्रांना बारमाही पाणी मिळावे म्हणून डोंगरात लहान-मोठे तलाव बांधले गेले. काही अजून भरलेले आहेत. ओढ्याच्या काठाने घराघरांची ही यंत्रे चालत. पाणचक्कीवर फिरणारा आडवा दांडा, त्याने उचलून सोडलेले जड ओंडके आणि खाली धातूचा दगड. आपल्याकडच्या कांडणाच्या मुसळांची रांग डोळ्यांसमोर आणली की काम भागते. कुटले की धुवायचे, आणि मातीत उरलेले सोन्याचे कण टिपायचे. खाण बहुतांशी कुटुंबांच्या किंवा भागीदारांच्या हाती असल्यामुळे गावात एकाच पिढीत गबर झालेले आणि त्याच पिढीत धुळीला मिळालेले दोन्ही सापडत. मिहाइला ग्रित्ता हा इथला खाणमालक त्यातल्या भाग्यवंतांपैकी. त्याने अनेक चर्चे आणि शाळा बांधल्याचे गाव अजून सांगते. ऑर्थोडॉक्स, ग्रीक-कॅथलिक, रोमन कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी आणि युनिटेरियन अशी पाच पंथांची प्रार्थनास्थळे एवढ्याशा गावात उभी राहिली, ती या पैशावर.

याच डोंगरांनी बंडेही पाहिली. १७८४ च्या शेतकरी उठावात खाणकामगार सामील झाले. होरेया आणि क्लोश्का यांना २८ फेब्रुवारी १७८५ रोजी आल्बा युलियात चाकावर हाडे मोडून मारले. तिसरा पुढारी क्रिशान याने त्याआधीच कोठडीत गळफास घेतला होता. १८४८-४९ च्या क्रांतीत ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमेनियनांचा पुढारी अव्राम यांकू याच्या फौजा इथेच लढल्या, आणि गावचा ग्रीक-कॅथलिक पाद्री त्यांतल्या एका तुकडीचा प्रमुख होता. शेजारच्या अब्रुदमध्ये १७९४ साली जन्मलेला एक मुलगा पुढे रोमेनियन ग्रीक-कॅथलिकांचा महानगर धर्माध्यक्ष झाला. रोमेनियन पाठ्यपुस्तकांत गावाची ओळख होते ती या माणसांमुळे.

११ जून १९४८ च्या राष्ट्रीयीकरणाने घराघरांतली खाण संपली. खासगी यंत्रे मोडली गेली, लपवलेल्या सोन्यासाठी झडत्या झाल्या, आणि कालचे खाणमालक सरकारी खाणीत पगारी कामगार झाले. १९७० च्या दशकात सरकारने चेताते या डोंगरावर सुरुंग लावून उघडी खाण सुरू केली. त्या डोंगरमाथ्यावर रोमनांनी केलेली प्रचंड खोदाई दिसायची, ती त्यात नाहीशी झाली. तेव्हा कुणी कुणाला दाखला मागितला नाही. त्याच सुमारास जवळच्या तांब्याच्या खाणीचा गाळ सोडण्यासाठी ज्यामाना हे अख्खे गाव रिकामे केले गेले. आज तिथे रंगीबेरंगी चिखलाचे तळे आहे आणि त्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. रोशियाच्या लोकांना ‘गाळाचा तलाव’ म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कॅनेडियन कंपनी आली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. सरकारी खाण तोट्यात होती, अनुदानावर चालत होती, आणि युरोपीय संघात जायचे तर अनुदान थांबवावे लागणार होते (ती खाण २००६ मध्ये बंद झालीच). संयुक्त कंपनीत सुमारे ८० टक्के वाटा कॅनेडियनांचा, बाकी बहुतेक सरकारचा. १९९९ चा उत्खनन परवाना या कंपनीकडे आला. योजना अशी : चार उघड्या खाणी, सोळा वर्षे काम, ३०० टनांहून अधिक सोने आणि १,६०० टन चांदी, सोने वेगळे काढायला दरवर्षी हजारो टन सायनाइड, आणि उरलेला गाळ कोर्ना खोऱ्यात १८५ मीटर उंच बांधामागे. खोऱ्यातले आणि गावातले मिळून सुमारे दोन हजार लोक हलवायचे.

मुहूर्त वाईट होता. ३० जानेवारी २००० रोजी उत्तरेकडच्या बाया मारे येथे अशाच एका गाळतलावाचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांत शिरले, तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत गेले, आणि हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. त्याच वर्षी रोशियातल्या घरमालकांनी आणि शेतकऱ्यांनी विरोधासाठी आपली संघटना काढली.

आता तो दाखला. २००० च्या रोमेनियन कायद्याप्रमाणे पुरातत्त्वीय महत्त्वाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर आधी तिथे संशोधन करावे लागते, त्याचा खर्च प्रकल्प करणाऱ्याने द्यायचा असतो, आणि संशोधन पुरे झाले की सरकारी सांस्कृतिक खाते ‘पुरातत्त्वीय भारमुक्ती’चा दाखला देते. मग ती जमीन इतर कुठल्याही जमिनीसारखी होते. महामार्गाखाली सापडलेल्या थडग्यांसाठी ही तरतूद ठीक आहे. रोशियात ती एका अख्ख्या डोंगराला लावायची होती. त्या डोंगराचे नाव क्र्निक. त्याच्या पोटात किलोमीटरच्या किलोमीटर रोमन बोगदे, त्यांना छेदून गेलेले नंतरच्या शतकांचे बोगदे, आणि वर कंपनीने आखलेली उघडी खाण.

२००१ ते २००६ या काळात कंपनीच्या पैशाने इथे देशातला सर्वांत मोठा पुरातत्त्वीय कार्यक्रम चालला. राजधानीतले संग्रहालय, विद्यापीठे आणि बोगद्यांसाठी एक फ्रेंच पथक त्यात होते. घरे, पूजास्थाने, स्मशाने, तेउल गाउरी येथले गोल दगडी थडगे, लाकडी रहाट असे एकामागून एक सापडत गेले. आणि हे सारे चालू असतानाच, २००४ मध्ये, क्र्निकला भारमुक्तीचा दाखला मिळाला!

दाखल्याची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. बोगदे धोकादायक आहेत, तिथे पर्यटक कधी जाऊ शकणार नाहीत, मोजमाप-नकाशे-छायाचित्रे झाली की ज्ञान वाचले, दगड कशाला वाचवायचा? शिवाय संशोधनाला एवढा पैसा सरकारने कधीच दिला नसता. विरोधकांचा मुद्दा कायद्याचा होता. ज्या डोंगराचे संशोधन अजून पुरे झाले नाही, जो स्मारकांच्या यादीत आहे, त्याला ‘आता इथे काही उरले नाही’ असे कोण कशाच्या आधारावर म्हणू शकतो? देशातल्या सर्वोच्च विद्वत्संस्थेनेही प्रकल्पाविरुद्ध मत दिले. मला स्वतःला पहिल्या बाजूतली खोट अशी वाटते की, तिने संशोधनाचा निष्कर्ष संशोधनाआधीच ठरवला होता : पैसे देणाऱ्याला डोंगर मोकळा हवा होता, आणि दाखल्याची तारीखच ते सांगते.

२००८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात तो दाखला रद्द झाला. २०११ मध्ये त्याच डोंगरासाठी दुसरा दिला गेला, आणि तोही न्यायालयात गेला. या झगड्यात पर्यावरण परवान्याची फाइल वर्षानुवर्षे पडून राहिली. दरम्यान गावात वेगळेच घडत होते. २००२ च्या विकास आराखड्याने बहुतेक गाव खाण उद्योगासाठी राखून ठेवले, त्यामुळे दुसरा धंदा काढायची सोय राहिली नाही. कंपनीने बहुतांश घरे विकत घेतली, कित्येक पाडली, आणि आल्बा युलियाजवळ रेचा येथे विस्थापितांसाठी नवी वसाहत उभारली. राहिलेल्यांत फूट पडली. खाणीत नोकरी मिळेल या आशेवर असणारे कमी नव्हते. बाहेरून येणाऱ्या आंदोलकांना ही गोष्ट फारशी बोलायला आवडत नसे.

२७ ऑगस्ट २०१३ रोजी सरकारने खास या प्रकल्पासाठी कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्याचा वाटा २५ टक्के, स्वामित्वधन (रॉयल्टी) ६ टक्के, आणि बदल्यात जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार व ठरलेल्या मुदतीत परवाने. न्यायालयात जे जमले नाही ते संसदेतून करून घेण्याचा हा प्रयत्न होता. १ सप्टेंबरपासून बुखारेस्ट, क्लुझ आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर आले, आणि नंतर दर रविवारी येत राहिले. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या फुटपाथवर आपटत, ‘कायदे कंपनी करत नसते’ अशा घोषणा देत. त्याच सप्टेंबरात रोशियाचे काही खाणकामगार प्रकल्पाच्या बाजूने बोगद्यात उतरून बसले होते, पण ती बातमी बाटल्यांच्या आवाजात विरली. नोव्हेंबरात संसदेच्या समितीने मसुदा नाकारला, आणि ३ जून २०१४ रोजी कनिष्ठ सभागृहाने त्यावर शेवटचा शिक्का मारला. २०१५ मध्ये कंपनी लवादाकडे गेली.

यानंतर सरकारने जे केले त्याला धोरण म्हणणे अवघड आहे. २०१६ च्या सुरुवातीला अख्खे गाव ऐतिहासिक स्थळ ठरवले गेले आणि जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव गेले. २०१८ मध्ये, तज्ज्ञांची शिफारस अनुकूल असताना, लवादात अडचण नको म्हणून रोमेनियानेच आपला प्रस्ताव लांबणीवर टाकायला लावला. २०१९ मध्ये त्याच राज्याने कंपनीचा उत्खनन परवाना पाच वर्षे वाढवून दिला. पुढच्या सरकारने प्रस्ताव पुन्हा बाहेर काढला, आणि २७ जुलै २०२१ रोजी रोशिया मोंताना वारसा यादीत आणि त्याच दिवशी ‘धोक्यातील वारसा’ यादीतही गेले. त्या नोंदीतले बरेचसे पुरावे २००१ ते २००६ च्या उत्खननातले आहेत. म्हणजे डोंगर मोकळा करून घेण्यासाठी कंपनीने दिलेल्या पैशातूनच तो वाचवणारी कागदपत्रे तयार झाली.

लवादाच्या निकालानंतर तीनच महिन्यांत, जून २०२४ मध्ये, परवान्याची मुदत संपली. कंपनीने निवाडा रद्द करण्यासाठी अर्ज केला. गावातली बहुतेक घरे मात्र तिच्याच नावावर होती. वास्तुरचनाकारांचा एक गट २०१२ पासून उन्हाळ्यात स्वयंसेवक आणून जुनी घरे दुरुस्त करतो, पण विकल्या न गेलेल्या घरांचीच. बाकीच्यांच्या छपरांना हात लावायचा तर आधी मालकाची परवानगी लागते.